हाताला विचारून सांगतो

जयवंतला मी पहिल्यांदा पाहिलं ते धुक्यात. ॲमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता, निम्मी खोकी उघडायची राहिली होती, आणि मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होते. लाकडी कुंपणापलीकडच्या अंगणात एक उंच माणूस हातात टॉवेल घेऊन उभा होता. त्याने डावा गुडघा छातीपर्यंत वर घेतला आणि तसाच थांबला. इतका वेळ थांबला की पुढचं विसरला की काय असं मला वाटलं. मग सगळं अंग हळूच उलगडलं, उजवा हात डोक्यावरून पुढे आला आणि टॉवेल सपकन वाजला. समोर कुणीच नव्हतं. पुन्हा गुडघा वर, पुन्हा ते थांबणं, पुन्हा सपकन.

"अवि, शेजारचा माणूस धुक्याला झोडपतोय," मी आत नवऱ्याला हाक मारून सांगितलं.

उत्तर कुंपणापलीकडून आलं, तेही मराठीत. "माफ करा हं. आवाजाचा त्रास होतो का?"

जयवंत मूळचा मिरजेचा. शिकायला इकडे आला आणि इथलाच झाला. ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता, रोज गाडीने जायचा-यायचा, पण नोकरीबद्दल विचारलं की शेजाऱ्याची चौकशी केल्यासारखा गोंधळून जायचा. "तशी नोकरी करतो," म्हणायचा. "पण मी पिचर आहे."

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. बेसबॉलला इथे हॉन्कबाल म्हणतात, आणि माझ्यापुरतं मी ते असं समजून घेतलं होतं: मैदानात मातीचा एक उंचवटा असतो, त्यावर एकटा माणूस उभा राहतो आणि समोरच्या बॅटवाल्याला मारता येऊ नये असा चेंडू फेकतो. तो पिचर; जयवंतचं टॉवेल झटकणं हा त्या फेकीचाच सराव. त्याने चेंडू सोडेपर्यंत सगळे नुसते उभे असतात. अविला, म्हणजे क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या नवऱ्याला, हा प्रकार फार संथ वाटायचा. मला उलट बरं वाटायचं. उन्हाळ्यातल्या इथल्या संध्याकाळी संपता संपत नाहीत. उजेड पिवळा होतो, मग गुलाबी, मग नुसता राहतो. त्या उजेडात पांढऱ्या कपड्यातली माणसं हिरवळीवर उभी असायची, कालव्यावरून बदकं जायची, आणि मधोमध जयवंत. आपण जागे आहोत की दुपारची झोप लांबली आहे, असा प्रश्न पडावा, असं सगळं.

त्याच्या उजव्या हाताचा मान घरात सासरेबुवांसारखा होता. त्या हाताने तो कधी भाजीची पिशवी उचलायचा नाही, दार लोटायचा नाही, कुणाला टाळी द्यायचा नाही. ऐन जुलैतसुद्धा एका हाताला लोकरी बाही चढवलेली. झोपायचं ते डाव्या कुशीवर. आम्ही एकदा कपाट हलवायला बोलावलं, तर म्हणाला, "हाताला विचारून सांगतो." मला वाटलं गंमत करतोय. पण त्याने खरंच कोपर थोडं वाकवलं, सरळ केलं, मान कलती करून जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "नाही म्हणतोय. डावा येतो." आणि आला, एका हाताने कपाट ढकलायला. जेवायला बोलावलं तरी तेच. "हाताला विचारून सांगतो." त्याची बायको मृदुला म्हणायची, "माझं लग्न दोघांशी झालंय. एक बोलतो, दुसरा ठरवतो."

या हाताची एक जुनी गोष्ट होती. ती त्याने एकदाच सांगितली, तीही माझ्या खोदून विचारण्यामुळे.

कॉलेजात असताना तो क्रिकेट खेळायचा. वेगवान गोलंदाज. सगळे म्हणायचे हा पोरगा पुढे जाणार. पण त्याचं कोपर जन्मापासून जरा वाकडं, पूर्ण सरळच होत नाही. पहिल्याच मोठ्या सामन्यात पंचाने नो-बॉल दिला. मग पुन्हा. मग पुन्हा. "फेकी आहे," पंच म्हणाला. क्रिकेटमध्ये चेंडू टाकायचा, फेकायचा नाही. कोपर वाकलं की लबाडी. मिरजेत ते नाव त्याला चिकटलं. चहाच्या गाडीवर गेला तरी पोरं हळूच म्हणायची, "फेकी आला." तो कुणाला फसवत नव्हता, त्याचा हातच तसा होता; पण हे कुणाला जाऊन सांगणार? त्याने बॅट, पॅड, सगळं मित्राला देऊन टाकलं आणि अभ्यासाला बसला.

मग इथे आला. एका रविवारी सायकलवरून चालला होता, तर जाळीवरून एक चेंडू उडून रस्त्यावर आला. त्याने सायकल आडवी टाकली, चेंडू उचलला आणि परत फेकला. जाळीवरून, अर्धं मैदान ओलांडून, थेट एकाच्या हातमोज्यात. क्लबाचा प्रशिक्षक, हेंक नावाचा उंच, लालबुंद माणूस, जाळीपाशी चालत आला आणि म्हणाला, "पुन्हा कर."

"कोपर वाकतं माझं," जयवंत आधीच सांगून मोकळा झाला. मागाहून कटकट नको.

"तेच तर," हेंक म्हणाला.

हे सांगताना जयवंत माझ्याकडे बघत नव्हता. "ताई, जो हात तिकडे गुन्हा होता ना, तो इकडे नुसता हात होता," एवढंच म्हणाला, आणि पाण्याकडे बघत बसला. आम्ही तेव्हा बांधावर होतो. आल्मेरे सगळं समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलंय. जयवंतला ते विसरता यायचं नाही. आपण भाजी घेतो तिथे पूर्वी मासे होते, हे तो अधूनमधून नव्याने आठवून आनंदित व्हायचा.

त्याने क्रिकेट सोडलं, पण क्रिकेटने त्याला सोडलं नव्हतं. क्लबाच्या पहिल्याच सामन्यात याने चेंडू हातात घेतला, सवयीने बोटाला थुंकी लावली, चेंडूला चोळली आणि पँटवर घासायला लागला. आपल्याकडे शेंबडं पोरही हेच करतं. चेंडू चकाकला पाहिजे. बेसबॉलमध्ये मात्र याच्याइतकं पाप नाही. पंचाने खेळ थांबवला. समोरच्या संघाचा माणूस हातवारे करत धावत आला. पंच चेंडू उन्हात धरून फिरवून बघतोय, हेंक डोक्याला हात लावून बसलाय, आणि जयवंत सगळ्यांना विचारतोय, "पुसला फक्त. त्यात काय?"

ती सवय सुटेना. चेंडू हातात आला की बोट आपोआप तोंडाकडे. मिरजेहून आईने फोनवर उपाय सांगितला: लहानपणी अंगठा चोखायचास तेव्हा लावला होता तसा कारल्याचा रस बोटांना लाव. याने भाबडेपणाने हेंकला विचारलं. बोटांना काहीही लावून चेंडू धरणं हेसुद्धा नियमाबाहेर, असं हेंकने गंभीरपणे सांगितलं. शेवटी सवय अर्धी मोडली. इतक्या वर्षांनंतरही त्याचा हात तोंडापर्यंत निघायचा, वाटेत थबकायचा आणि आपण टोपी नीट करायलाच निघालो होतो असं दाखवायचा.

त्याची आई एका उन्हाळ्यात इथे आली होती. काकू म्हणजे बुटक्या, ठणठणीत, नऊवारी सोडून सहावारीवर आलेल्या पण त्याखाली पांढरे बूट घालून फिरणाऱ्या. त्या आल्या त्याच महिन्यात जयवंतने आयुष्यातला सर्वांत मोठा सामना खेळला. आम्ही सगळे बघायला गेलो होतो.

त्या दिवशी त्याचा चेंडू कुणाच्या बॅटला लागतच नव्हता. एक बॅटवाला येई, हवेत बॅट फिरवून जाई, दुसरा येई. आणि सामना जसा पुढे सरकला तसे त्याचे स्वतःचे खेळाडू त्याच्यापासून लांब व्हायला लागले. तो येऊन बाकावर बसला की बाकीचे दुसऱ्या टोकाला सरकायचे. कुणी बोलेना, कुणी बघेना. पाण्याची बाटलीसुद्धा त्याच्या शेजारी ठेवून न बोलता निघून गेले. मला काही कळेना. नंतर अविने समजावलं: पिचरचा असा दिवस चालू असतो तेव्हा त्याला एकटं सोडायचं, त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही या खेळातली फार जुनी रीत. बोललं की नजर लागते, आपल्या भाषेत.

पण हे काकूंना कोण सांगणार? त्यांना एवढंच दिसत होतं की आपला मुलगा एकटा बसलाय आणि बाकीचे सगळे तोंड फिरवून.

"माझ्या जयाला वाळीत टाकलंय का गं?" त्यांनी मृदुलाला विचारलं. मृदुला आपल्या लेकीला, ईराला, शोधायला उठत होती, ती म्हणाली, "नाही हो आई, असं असतं." या उत्तराने कुठल्या आईचं समाधान होईल? मृदुला परत येईपर्यंत काकू स्टीलचा डबा घेऊन जाळीचं दार उघडून आत गेल्या होत्या.

त्या त्याच्या शेजारी बसल्या. डबा उघडला. तिखट-मिठाच्या पुऱ्या होत्या. "भांडलास का कुणाशी?" त्यांचा आवाज आमच्यापर्यंत ऐकू येत होता. जयवंतने मान हलवली. "मग खा." आणि तो खायला लागला. हेंकने टोपी काढली, पुन्हा घातली आणि आभाळाकडे बघायला लागला. काकूंनी एवढ्यावर सोडलं नाही. उठून त्यांनी बाकाच्या त्या टोकाला जाऊन प्रत्येकाच्या हातात एकेक पुरी ठेवली, आणि ज्याने घेतली त्याचा हात धरून त्याला जयवंतजवळ आणून बसवलं. धिप्पाड डच माणसं, पण आजीपुढे कुणाचं काय चालणार? सगळे पुऱ्या चावत, घाबरून, ओळीने बसले.

मग तो उंचवट्यावर परत गेला, आणि पहिलाच चेंडू बॅटला लागला. टण्णकन आवाज आला आणि चेंडू दूर हिरवळीवर गेला. सगळा संघ वळून काकूंकडे बघायला लागला. काकू टाळ्या वाजवत होत्या. "आत्ता कुठे सगळ्यांना पळायला मिळालं!" त्या म्हणाल्या.

उंचवट्यावर जयवंत कंबरेत वाकला होता. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता खाली बसला, पंचाने विचारलं बरं आहे का, तरी हसत होता. घरी जाताना आईला म्हणाला, "पुऱ्या झकास होत्या." काय मोडलं ते त्याने त्यांना कधी कळू दिलं नाही, आणि मृदुलालाही बजावलं. मला त्या दिवसापासून हा माणूस फार आवडायला लागला.

गेली दोन वर्षं मात्र हात नीट उत्तर देत नव्हता. चेंडूचा वेग उतरला. हेंक काही बोलायचा नाही, पण एक कोवळा पोरगा पहिल्या संघात आला आणि जयवंत दुसऱ्या संघात गेला. हरल्यावर तो हवेला दोष द्यायचा: वारा होता, गारठा होता. मृदुलाने ढकलून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे पाठवलं. पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवडे वाट बघा, असं सांगितलं गेलं. इथे आपल्याला जे काही होतं त्याला हेच सांगतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. टॉवेलचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पूर्वी सपकन यायचा, आता नुसता कापड झटकल्यासारखा.

मग गेल्या वसंतात, बोचऱ्या वाऱ्याच्या एका संध्याकाळी, त्याने फेकलेला चेंडू बॅटवाल्याच्या डोक्यावरून, पंचाच्या डोक्यावरून, मागच्या उंच जाळीवरूनही पार गेला. तो कुठे पडला ते सगळे बघत राहिले. जयवंत एकटा आपल्या कोपराकडे बघत होता. आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला, असं त्याने नंतर सांगितलं. चालत बाहेर आला आणि डाव्या हाताने हातमोजा काढून बाकावर ठेवला. त्यांची सात वर्षांची ईरा मराठी सगळं समजते पण उत्तर डचमध्ये देते. कुणीतरी विचारलं, पप्पाला बरं नाही का? तर म्हणाली, "पापा इस निट झीक. पापा इस कापॉट." आजारी नाही, मोडलाय.

तज्ज्ञ डॉक्टरने सांगितलं ते ऐकून सगळेच पेचात पडले. कोपराच्या आतला बंध तुटलाय. रोजच्या आयुष्याला त्याने काही अडत नाही. सायकल चालवता येईल, लॅपटॉप चालवता येईल, लेकीला उचलता येईल. शस्त्रक्रियेशिवाय म्हातारा होऊ शकता. फक्त चेंडू फेकता येणार नाही. फेकायचाच असेल तर मोठी शस्त्रक्रिया: शरीरातली दुसरीकडची शीर काढायची, हाडाला भोकं पाडायची आणि बाजेचा सुंभ ओवतात तशी ती ओवायची. त्यानंतर वर्षाहून जास्त मेहनत. तरीही पहिल्यासारखा वेग येईल याची खात्री नाही, तुमच्या वयात तर नाहीच. आणि शेजारूनच मज्जातंतू जातो, तो दुखावला तर बोटं बधिर होऊ शकतात.

"म्हणजे चालणारा हात कापायला द्यायचा, न चालणाऱ्या खेळासाठी," अवि म्हणाला. दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे मंडळी जमली होती, सगळ्यांचं मत हेच. कुणी म्हणे मुलांना शिकव, कुणी म्हणे आता गोल्फ खेळ. जयवंत चकली खात ऐकत होता. मग विषय निघाला की शीर काढतात तरी कुठली. त्याने दाखवलं: अंगठा करंगळीला टेकवायचा, मनगट वाकवायचं, मधोमध दोरीसारखी वर येते ती. काही जणांना नसतेच. झालं! फराळाच्या ताटल्या खाली ठेवून सगळी मंडळी अंगठे करंगळीला टेकवून मनगटं वाकवून बसली. अविला होती, मला एकाच हाताला होती. जयवंतला दोन्ही हातांना नव्हती.

व्हिडिओवर काकू होत्या. त्यांनी आपलं सुरकुतलेलं मनगट फोनसमोर धरलं. भरभक्कम दोरी वर आली होती. "माझी घे म्हणावं," त्या म्हणाल्या. "मला कुठे काय फेकायचंय?"

कुणी हसलं नाही. दुसऱ्याची चालत नाही, पायातली काढतील, असं जयवंतने त्यांना समजावलं, पण त्यांनी हात बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.

त्या दिवशी मृदुला माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "मी नको म्हटलं तर तो नाही करणार, ताई. म्हणूनच मला म्हणता येत नाही. मला हाताची भीती नाही वाटत. इतकं सगळं करून फेकता आलं नाही, तर जो माणूस घरात उरेल त्याची वाटते."

मी जयवंतला सरळ विचारलं. बांधावर चाललो होतो, धुकं होतं, पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. "कशाला करतोस? हाताला विचारलंस का?"

"या वेळी हातच मला विचारतोय," तो म्हणाला. "ताई, एकदा या हाताला मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून घरी बसवलं. त्याची काही चूक नव्हती. पुन्हा कसं बसवू?"

तो वेडेपणा करतोय असं मला वाटत होतं, आणि त्याने तो करावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं.

शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. डॉक्टर म्हणाले बंध उत्तम बसला. पण भूल उतरल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुकंच राहिलं. ना स्पर्श कळे ना जोर. तंतू कदाचित रुसला असेल, येईल परत. कदाचित नाही येणार, असं सांगण्यात आलं. ती दोन बोटं आली नाहीत, तर चेंडूचं राहो, पेलासुद्धा धड धरता येणार नव्हता. मृदुला रोज सकाळी त्याला डोळे मिटायला लावायची आणि करंगळीला गार चमचा टेकवायची. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाही गं." हसून म्हणायचा, पण त्याचं टोपीखालचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं. टेस्टिंगचं काम डाव्या हाताने करायचा. क्लबाकडे फिरकायचा नाही. हेंक सायकलवरून येऊन दारातून विचारून जायचा.

त्याच सुमारास आम्ही आल्मेरे सोडलं. मी काम करते ती प्रयोगशाळा लायडनला, रोजच्या प्रवासाचा कंटाळा आला होता. ही गेल्या महिन्यातली गोष्ट. जयवंत पुन्हा कधी उंचवट्यावर उभा राहील का, ते कुणालाच माहीत नाही. अजून व्हायचंय ते.

निघायच्या दिवशी दुपारी सामान गाडीत चढलं आणि मी कुंड्या द्यायला त्यांच्याकडे गेले. मृदुलाने ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. जयवंत सोफ्यावर झोपला होता. खिडकीतून हिवाळ्याचं फिकं ऊन त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. उजवा हात पट्ट्यांच्या आणि सळ्यांच्या पिंजऱ्यात, उशीवर, तळवा वर करून ठेवलेला.

निरोप न घेताच निघावं म्हणून मी वळणार, तेवढ्यात त्याची बोटं हलली. पहिली दोन जरा फाकली, अंगठा त्यांच्याखाली सरकला. हातात काही नव्हतं, पण ती काहीतरी फिरवून फिरवून नीट बसवत होती.

मृदुला त्याच्याशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसली. जरा वेळ नुसती बघत राहिली. मग तिने आपलं बोट हळूच त्याच्या तळव्यात ठेवलं, आणि त्याचा हात त्याच्यावर मिटला. तो जागा झाला नाही. तिने बोट सोडवायला पाहिलं, सुटेना.

"ताई," ती माझ्याकडे न बघता कुजबुजली, "करंगळीनेसुद्धा धरलंय."